हरणाऱ्या डाव्या पक्षाने मतदार परत कसे आणायचे? नव्या कार्यकर्त्यासाठी मार्गदर्शक

तुम्ही डाव्या पक्षाचं काम नुकतंच सुरू केलं असेल आणि पक्ष एकामागून एक निवडणुका हरत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा पक्षात नवा माणूस आला की पहिल्याच बैठकीत त्याच्या कानावर तीन कारणं पडतात. विरोधकांकडे अमाप पैसा आहे, माध्यमं त्यांच्या खिशात आहेत आणि लोक धर्म, जात, वंश यांच्या नावाने वाहवत गेले आहेत. तिन्हींत तथ्य असतं. पण तिन्हींपैकी एकावरही तुमचा ताबा नाही, आणि त्यांवर बैठक संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काहीच उरत नाही. इथे फक्त तुमच्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो.

मतदार एका रात्रीत विचार बदलून निघून जात नाही. पक्षाशी असलेला त्याचा रोजचा संबंध आधी तुटतो. युनियन बंद पडते, शाखेला कुलूप लागतं, ओळखीचा कार्यकर्ता म्हातारा होतो आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. मत त्यानंतर कधीतरी जातं. म्हणून परत आणायचं कामही त्याच क्रमाने करावं लागतं. आधी संबंध जोडायचा, मत मागून येतं. या कामाला वर्षं लागतात आणि ते प्रचाराच्या शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही.

पायरी १ : भाषणाआधी आकडे

मागच्या दोन-तीन निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय आकडे मिळवा आणि एका वहीत शेजारी शेजारी मांडा. टक्केवारीवर थांबू नका, प्रत्यक्ष पडलेली मतं लिहा. टक्केवारी आणि जागा किती फसवतात, हे ब्रिटनच्या लेबर पक्षाकडे पाहिलं की कळतं. २०१९ मध्ये त्या पक्षाचा १९३५ नंतरचा सर्वांत दारुण पराभव झाला आणि जागा २०२ वर आल्या. २०२४ मध्ये त्याच पक्षाला ४११ जागा मिळाल्या. पण पराभवाच्या वर्षी त्याला १ कोटी २ लाखांहून जास्त मतं होती आणि विजयाच्या वर्षी सुमारे ९७ लाख. मतदार परत आले म्हणून तो विजय झाला नव्हता. समोरची मतं फुटली होती.

आता तुमच्या वहीकडे या. समजा एका केंद्रावर मागच्या खेपेला ९०० मतं पडली. तुम्हाला ४००, मुख्य प्रतिस्पर्ध्याला ३५०, बाकीच्यांना मिळून १५०. या खेपेला ७६० पडली. तुम्हाला १८०, प्रतिस्पर्ध्याला ४१०, बाकीच्यांना १७०. तुमची २२० मतं घटली, पण बाकी सगळ्यांची मिळून फक्त ८० वाढली. उरलेल्या १४० मतांचा हिशेब कुठल्याच पक्षाच्या खात्यात लागत नाही. काही नावं यादीतून गेली असतील, काही कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली असतील. तरी अशा केंद्रावर ‘लोक तिकडे गेले’ असं म्हणणं घाईचं ठरेल. बरेच जण घरीच बसले असण्याची शक्यता मोठी आहे. घरी बसलेल्याला परत आणायचं काम वेगळं आणि दुसऱ्याला मत दिलेल्याला परत आणायचं वेगळं. दोघांना एकच पत्रक देणारा पक्ष दोघांनाही गमावतो.

हे काम एकट्याने करू नका. त्या भागात पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या माणसाला शेजारी बसवा. आकडा जिथे अडतो, तिथे तो सांगेल की त्या गल्लीतला कारखाना कधी बंद झाला आणि तिथली माणसं आता कुठल्या कामाला जातात.

पायरी २ : सोडून गेलेल्याकडे जा आणि गप्प बसा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. नव्या कार्यकर्त्याला वाटतं, लोकांना समजावून सांगितलं की ते परत येतील. लोकांना समजावणारे खूप भेटले आहेत. ऐकणारा सहसा भेटलेला नाही.

अमेरिकेतले डावे नेते झोहरान ममदानी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर लगेच, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्सच्या हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं की मत दिलंत का, कोणाला दिलंत आणि का. अनेकांनी ट्रम्प यांना मत दिलं होतं, काहींनी दिलंच नव्हतं. ममदानी वाद घालायला गेले नाहीत. लोक घरभाडं आणि महागाईबद्दल बोलले. पुढे त्यांच्या प्रचाराचा गाभा तोच राहिला: नियंत्रित भाड्याच्या घरांची भाडेवाढ थांबवणं, मोफत बस आणि सर्वांना बालसंगोपनाची सोय. ४ नोव्हेंबर २०२५ ला ते न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकले. एका व्हिडिओने निवडणूक जिंकली असं मी म्हणत नाही, मागे हजारो स्वयंसेवक होते. पण प्रश्न आधी आणि घोषणा नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तुमच्या भेटीत चार प्रश्न पुरे आहेत. पूर्वी आम्हाला मत द्यायचात का? कधी थांबलात? त्या सुमारास काय घडलं होतं? आणि आज महिन्याच्या शेवटी कशाची सगळ्यांत जास्त काळजी असते?

दारावर हे कसं घडतं, ते जवळून पाहू. समजा दार अर्धंच उघडतं. पन्नाशीच्या बाई आहेत. त्या म्हणतात, “तुम्ही लोक निवडणूक आली की येता.”

“खरंय मावशी. आता निवडणूक नाहीये, म्हणून आलो. पूर्वी आम्हाला मत द्यायचात ना?”

“द्यायचे की. सासरे तुमच्या युनियनमध्ये होते.”

“मग कधी थांबलात?”

“कंपनी बंद पडली तेव्हा. दोन वर्षं कोर्टाच्या तारखा चालल्या. तुमचा एकही माणूस फिरकला नाही.”

नवा कार्यकर्ता इथे घसरतो. त्याला लगेच सांगावंसं वाटतं की केस आमच्याच वकिलाने लढवली, मोर्चाही आम्हीच काढला, सरकारने दाद दिली नाही. यातलं सगळं खरं असलं तरी ते इथे बोलू नका. विचारा, “त्या दोन वर्षांत घर कसं चालवलंत?” मग दार पूर्ण उघडतं. कर्ज कोणाकडून घेतलं, मुलाचं शिक्षण कुठे अडलं, कोण मदतीला आलं हे सगळं त्या सांगतात. मदतीला कोण आलं, हे उत्तर नीट ऐका. तुमची मतं बहुतेक वेळा तिथेच गेलेली असतात.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर थांबून त्यांचेच शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. ‘नवउदारवादी धोरणांचा फटका’ असं लिहू नका. ‘दोन वर्षं तारखा, एकही माणूस फिरकला नाही’ असं लिहा. शंभरेक घरं झाली की वही वाचायला बसा. पक्षाच्या चिंतन बैठकीतल्या कुठल्याही अहवालापेक्षा तिच्यात जास्त सापडेल.

पायरी ३ : सत्तेत असताना काय केलं, ते कबूल करा

पक्ष कधी सत्तेत असेल, तर वहीत एक कडू पान हमखास निघतं. ग्रीसच्या पासोक पक्षाला २००९ मध्ये जवळजवळ ४४ टक्के मतं होती. कर्जसंकटात त्या सरकारने पगार आणि पेन्शन कापली. मे २०१२ मध्ये तो १३ टक्क्यांवर आला आणि जानेवारी २०१५ मध्ये ५ टक्क्यांच्याही खाली गेला. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला १९९८ मध्ये ४०.९ टक्के मतं मिळाली होती. त्याच सरकारने २००३ पासून बेकारभत्ता आणि कामगार कायद्यांत मोठे बदल केले आणि कामगारवर्गाशी त्या पक्षाचं नातं पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. २०२५ मध्ये तो १६.४ टक्क्यांवर होता.

पश्चिम बंगालचं उदाहरण तर काळजाला लागतं. १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षं डाव्या आघाडीने तिथे राज्य केलं. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन बर्गा’ने बटाईदारांची नावं नोंदवून त्यांना कसण्याचा हक्क दिला. त्याच आघाडीच्या राज्यात सिंगूरमध्ये कारखान्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं गेली. ज्यांनी जमिनीचा हक्क दिला, तेच आता जमीन घ्यायला आले असं शेतकऱ्याला वाटलं. २०११ मध्ये सत्ता गेली आणि २०२१ मध्ये विधानसभेत डाव्यांचा एकही आमदार निवडून आला नाही.

अशा इतिहासाबद्दल बोलायची एक रीत आहे. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, त्यात कोणाचं नुकसान झालं ते सांगायचं आणि आता त्याबाबत पक्षाचं धोरण काय आहे ते सांगायचं. तीन वाक्यं. ‘काही चुका झाल्या असतील तर’ असली भाषा वापरू नका. ती ऐकून माणूस आणखी चिडतो. नव्या कार्यकर्त्याला हे बोलायचा अधिकार नाही असं वरिष्ठ म्हणतील. त्यांच्याशी बैठकीत भांडा आणि मजकूर ठरवून घ्या. हा प्रश्न दारावर तुम्हालाच विचारला जाणार आहे.

पायरी ४ : एकच प्रश्न हाती घ्या

डाव्या पक्षांचे जाहीरनामे लांबलचक असतात. त्यातली प्रत्येक मागणी रास्त असते आणि मतदाराच्या लक्षात एकही राहत नाही. वहीतून असा एक प्रश्न निवडा, जो पुष्कळांना दर महिन्याला जाणवतो, जो एका वाक्यात सांगता येतो आणि ज्यातला थोडा भाग तरी सत्तेत नसतानाही जिंकता येतो. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. जो पक्ष नेहमी हरतो, त्याने लोकांना आधी एखादी छोटी गोष्ट जिंकून दाखवावी लागते.

जर्मनीचा ‘डी लिंके’ हा डावा पक्ष २०२३ च्या अखेरीस फुटला आणि जून २०२४ मधल्या युरोपीय निवडणुकीत त्याला २.७ टक्के मतं मिळाली. पक्ष संपला, असंच बहुतेकांनी लिहिलं. त्या पक्षाने घरभाडं आणि महागाई हे विषय पकडले. भाडं बेकायदा जास्त आहे का, घर तापवण्याचं बिल बरोबर आहे का, हे लोकांना फुकट तपासून द्यायला सुरुवात केली. बिल चुकीचं निघालं तर पैसे परत मागायचा अर्जही भरून दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच पक्षाला ८.८ टक्के मतं आणि ६४ जागा मिळाल्या. एकट्या बिल-तपासणीने हे झालं नाही. निवडणुकीच्या तोंडावर उजव्यांनी अतिउजव्यांशी संसदेत हातमिळवणी केली, त्यानेही लोक पेटले. पण पेटलेल्या माणसाला दार ठोठावणारा पक्ष समोर दिसत होता.

डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटांनी २०१९ मध्ये लवकर निवृत्तीचा विषय घेतला. ज्यांनी कोवळ्या वयात अंगमेहनतीचं काम सुरू केलं त्यांना लवकर पेन्शन मिळावी, अशी मागणी होती. प्रचाराला चेहरा होता बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ने नावाच्या कामगाराचा. योजनेचा कायदा नंतर झाला आणि लोक आजही तिला ‘आर्नेची पेन्शन’ म्हणतात. धोरणाला माणसाचं नाव मिळालं की ते घराघरात पोचतं.

पायरी ५ : मदत केंद्र

माझा सर्वांत जास्त भरवसा या पायरीवर आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात कम्युनिस्ट पक्षाची ताकद एकेकाळी नावापुरती होती. १९८० च्या दशकात एर्नेस्ट काल्टेनएगर नगर परिषदेत निवडून आले आणि त्यांनी घरांचा प्रश्न धरला. भाडेकरूंसाठी त्यांनी फोन सुरू केला. घर खाली करायची नोटीस आली, घरमालकाने भाडं अचानक वाढवलं, छत गळतं, काहीही असो, फोन केला की कायद्याचा सल्ला मिळायचा. विचारणारा कुठल्या पक्षाचा, हे कोणी विचारत नसे. २००३ मध्ये त्या पक्षाला शहरात २० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. काल्टेनएगर प्रांताच्या राजकारणात गेल्यावर २००८ मध्ये मतं जवळजवळ अर्ध्यावर आली. त्यांच्या जागी आलेल्या एल्के कार यांनी तेच काम त्याच पद्धतीने चालू ठेवलं. २०२१ मध्ये पक्ष २८.८ टक्के मतं घेऊन पहिला आला आणि कार महापौर झाल्या.

तुम्हाला असं केंद्र सुरू करायचं असेल तर मोठी जागा लागत नाही. लागतो तो ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. आठवड्यातून दोन तासच उघडा, पण ते कधीही चुकवू नका. दार बंद दिसलं की आलेला माणूस पुन्हा येत नाही. टेबलावर एक नोंदवही ठेवा: नाव, तक्रार, कोणत्या कार्यालयाशी संबंध, पुढची तारीख आणि कोण जाणार. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर वही निरुपयोगी आहे. माणसाला अर्ज लिहून देऊन पाठवू नका, पहिल्यांदा त्याच्याबरोबर कार्यालयात जा. दुसऱ्यांदा त्याला बोलू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. एखाद्या वकिलाला महिन्यातून एकदा बसायला राजी करा. आणि जे होणार नाही ते पहिल्याच दिवशी सांगा. खोटी आशा लावलेला माणूस दहा जणांना सांगत फिरतो.

मदत केंद्र आणि समाजसेवा यांतला फरक इथे सांभाळायचा असतो. मदत करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि स्थानिक दादा-पुढारीही अडचणीला पैसे देतात. तुमच्या नोंदवहीत एकाच घरमालकाची किंवा एकाच ठेकेदाराची आठ-दहा प्रकरणं दिसली की त्या सगळ्यांना एका खोलीत बोलवा. प्रत्येकाला वाटत असतं की ही अडचण आपल्या एकट्याची आहे. खोलीत शेजारी बसल्यावर त्यांना कळतं की तसं नाही. मग निवेदन, मोर्चा, कोर्ट जे काही ठरेल ते त्यांनी ठरवायचं आणि पुढे त्यांनीच उभं राहायचं. हे घडलं नाही, तर लोक तुमचे आभार मानतील आणि मत दुसऱ्याला देतील.

बेल्जियमच्या वर्कर्स पार्टीचं उदाहरणही याच जातीचं आहे. त्या पक्षाच्या डॉक्टरांनी १९७१ पासून कामगार वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले. कितीतरी वर्षं त्यांना संसदेत एकही जागा नव्हती. २०१४ मध्ये २ मिळाल्या, २०१९ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १५.

पायरी ६ : दारावरचं बोलणं

घरोघरी जाण्यावर राज्यशास्त्रात बरेच प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये १९९८ साली केलेल्या प्रयोगात असं दिसलं की समोरासमोर भेटून सांगितल्याने मतदानाला जाणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढतं, फोनने मात्र काही फरक पडत नाही. म्हणजे घरी बसलेल्या मतदारासाठी दार ठोठावणं उपयोगी आहे. दुसऱ्या पक्षाकडे गेलेल्याचं मन ऐन प्रचारात बदलणं मात्र फार अवघड. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावरच्या प्रचाराचा मन वळवण्यावरचा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला. याउलट मायामीत, निवडणुकीच्या गडबडीबाहेर, सुमारे दहा मिनिटांच्या मोकळ्या बोलण्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचे पूर्वग्रह कमी झाले आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. त्या बोलण्यात कार्यकर्ते मुद्दे मांडत नव्हते. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला, वेगळं वागवलं गेल्याचा अनुभव आठवायला सांगत होते.

यातून कामाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मन वळवायचं बोलणं निवडणूक लांब असताना करा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत फक्त आपल्या माणसांना मतदान केंद्रापर्यंत न्या. बहुतेक पक्ष नेमकं उलट करतात.

एक घर, दोन माणसं, दहा मिनिटं. तीस घरांत निम्मी दारं उघडणार नाहीत, त्याने खचू नका. बंद दारांची यादी ठेवा आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या वाराला जा. रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी भेटत नाही.

पायरी ७ : मोर्चातला माणूस मतदान केंद्रापर्यंत

मार्च २०१८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत पोचला. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून अनवाणी, फोड आलेल्या पायांनी माणसं रात्रीतून चालत आझाद मैदानावर आली. शहराने त्यांना पाणी दिलं, सरकारने लेखी आश्वासन दिलं. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभेत मार्क्सवादी पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली, डहाणूची. मार्च ज्या पट्ट्यातून उभा राहिला, त्यातली कळवणची हातातली जागा गेली.

त्या माणसांच्या कष्टांचा मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे सांगतो. लोक आंदोलनात प्रश्नासाठी येतात आणि मत देताना पन्नास गोष्टी पाहतात: कोण निवडून येऊ शकतं, कोणाचा माणूस जवळ आहे, जातीचं काय, पैशाचं काय. दोन्हींच्या मध्ये पूल बांधावा लागतो. मोर्चा संपला त्याच आठवड्यात आलेल्यांची गावनिहाय यादी करा. मिळालेल्या आश्वासनाचा पाठपुरावा दर महिन्याला त्यांना जाऊन सांगा. काही झालं नसेल तर तेही सांगा. प्रत्येक गावातून दोन माणसं मतदान केंद्राच्या कामासाठी तयार करा, आणि हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या बरंच आधी करा.

पायरी ८ : धर्म, जात, स्थलांतरित

दारावर हा विषय निघणारच. कोणी म्हणेल, बाहेरून आलेल्यांनी आमची कामं घेतली. कोणी एखाद्या धर्माबद्दल बोलेल. तुम्ही काय कराल?

काही डाव्या पक्षांनी उजव्यांची भाषा उचलून पाहिली. डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटांनी स्थलांतराबाबत कडक भूमिका घेतली आणि २०१९ मध्ये सत्ता मिळवली. पण त्यांची स्वतःची मतं २०१५ च्या २६.३ टक्क्यांवरून २५.९ वर आली होती. सत्ता मित्रपक्षांच्या वाढीतून आली. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत शतकाहून जास्त काळ हातात असलेलं कोपनहेगनचं महापौरपद त्यांनी गमावलं. मला यातून दिसतं ते असं: भाषा उधार घेतल्याने गेलेले थोडे येतात आणि असलेले काही जातात. शिवाय ज्यांना रोज अपमान सोसावा लागतो अशा माणसांचा विश्वास विकून मिळालेलं मत डाव्या पक्षाने घेऊच नये.

दारावर व्याख्यान मात्र देऊ नका. बोलणाऱ्याला ‘धर्मांध’ म्हटलंत की संपलं. त्याची तक्रार कशाची आहे ते विचारत जा. बहुतेकदा मजुरी, घर किंवा दवाखान्यातली रांग निघते. तिथे बोलणं वळवा: कमी मजुरीवर त्याला कोण राबवतो, आणि त्याचा फायदा कोणाच्या खिशात जातो? मग स्वतःची भूमिका एका वाक्यात सांगा, लपवू नका. न पटणारं ऐकूनही माणूस तुमच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतो. एका भेटीत तो बदलणार नाही. पण दुसऱ्या भेटीला दार उघडेल.

पायरी ९ : उमेदवार

१९५० आणि ६० च्या दशकांत पाश्चात्त्य लोकशाह्यांत कमी शिकलेले लोक डाव्यांना मत देत. आता उच्चशिक्षित देतात. पक्षाच्या व्यासपीठावर कोण बसलंय ते पाहा, उत्तराचा एक भाग तिथेच दिसेल. प्राध्यापक आणि वकील हवेतच, पण गाडी चालवणारी, रुग्णालयात सफाई करणारी, गोदामात माल उचलणारी माणसं उमेदवार म्हणून दिसली पाहिजेत, आणि हरण्याच्या जागांवर नव्हे.

ग्राझचे आणि बेल्जियमचे लोकप्रतिनिधी साधारण कामगाराच्या पगाराइतकेच पैसे स्वतःकडे ठेवतात, बाकीचे पक्षाला किंवा गरजूंना देतात. ग्राझमध्ये त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर मांडला जातो. ‘सगळे सारखेच’ या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. तुमच्या पक्षात हे ठरलेलं नसेल तर ठराव मांडा.

पायरी १० : युती, फूट, मोबाईल

थोडक्यात सांगतो. २०२२ च्या फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत डावे मेलाँशाँ दुसऱ्या फेरीपासून सव्वा टक्क्याने राहिले. एकट्या कम्युनिस्ट उमेदवाराला २.३ टक्के मतं होती. २०२४ मध्ये संसद बरखास्त झाल्यावर त्याच पक्षांनी काही दिवसांत आघाडी केली आणि जागांत ती पहिली आली. युतीची बोलणी निवडणूक दूर असताना सुरू करा आणि आधी एखादं काम एकत्र करा. मदत केंद्र एकत्र चालवलेले कार्यकर्ते जागावाटपात कमी भांडतात.

मोबाईलवर आपलं म्हणणं पोचवा, जरूर पोचवा. पण व्हिडिओ पाहून ‘मला काम करायचंय’ असा संदेश पाठवणाऱ्याला आठवड्याच्या आत कोणीतरी प्रत्यक्ष भेटलं पाहिजे आणि त्याच आठवड्यात त्याला एक काम मिळालं पाहिजे. असे निरोप पडून राहतात आणि आलेली तरुण मुलं परत जातात, हे फार होतं.

पायरी ११ : मोजायचं काय, आणि निकालानंतर

दर महिन्याला तीन आकडे लिहा: किती घरांत पूर्ण बोलणं झालं, मदत केंद्रावरची किती प्रकरणं सुटली, आणि मदत घ्यायला आलेल्यांपैकी किती जण नंतर स्वतः कामाला आले. तिसरा आकडा वर्षभर शून्यच राहिला, तर तुम्ही समाजसेवा करताय. पायरी ५ पुन्हा वाचा.

शहरात जमलेलं देशात आपोआप जमत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. ग्राझमध्ये पहिला असलेला पक्ष २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या संसदेत पोचू शकला नाही. त्याला २.४ टक्के मतं मिळाली, आणि लागत होती ४. नेदरलँड्सचा समाजवादी पक्ष वस्तीपातळीवरच्या कामातून १९९४ मध्ये २ जागांवर आणि २००६ मध्ये २५ जागांवर पोचला, आणि २०२५ मध्ये ३ वर परत आला. म्हणून पहिल्या यशानंतर सगळे चांगले कार्यकर्ते निवडून आलेल्यांच्या कार्यालयात ओढून घेऊ नका. वस्तीत निदान निम्मे तरी ठेवा, आणि शेजारच्या प्रभागात नवं केंद्र उघडायला त्यांतलेच दोघं पाठवा.

निकाल लागला की त्या आठवड्यात त्याच घरांत परत जा. जिंकलात तर पहिल्या महिन्यात काय करणार ते सांगायला, हरलात तर त्यांच्या मतदान केंद्रावरचा आकडा दाखवून आभार मानायला. मदत केंद्राचा वार निकालाच्या दुसऱ्याच दिवशी येत असेल, तर त्या दिवशी कोण बसणार ते मतदानाआधीच ठरवून ठेवा.